फोटोतली माशी आणि कुपीतली माशी

तुमचे पत्र, त्यासोबतची सात छायाचित्रे आणि औषधाची छोटी कुपी असे सगळे मिळाले. इतर वाचकांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड चढताना एका घळीत तुम्हाला एक विलक्षण माशी दिसली. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्या निघालेल्या होत्या आणि डोळे त्या दांड्यांच्या टोकांवर होते. तिचे फोटो तुम्ही काढले. पुढे सप्टेंबरमध्ये राजूरजवळच्या तुमच्या स्वतःच्या शेतातल्या ओढ्यावर ‘तीच माशी’ ओल्या दगडांवर पन्नास-साठांच्या घोळक्याने बसलेली आढळली, तेव्हा त्यातल्या दोन तुम्ही कुपीत घेतल्या. ही माशी कोणती, ती विज्ञानाला नवी आहे का, मोबाइलमधल्या अ‍ॅपने दिलेले ‘टेलिओप्सिस डालमानी’ हे नाव बरोबर आहे का, आणि ओढ्याला लागूनच भात असल्यामुळे पिकाला तिच्यापासून धोका आहे का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

या चौघांच्या आधी, तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. फोटोतली माशी आणि कुपीतली माशी एक नाही. दोन्ही एकाच कुलातल्या आहेत, दोघींचेही डोळे दांड्यांवर आहेत, आणि घाईत पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटाव्यात हे अगदी स्वाभाविक आहे. पण त्यांचे वंशसुद्धा, म्हणजे कुलाच्या आतले जवळच्या जातींचे गटसुद्धा, वेगळे आहेत. तुम्ही फोटो एका माशीचे आणि नमुना दुसऱ्या माशीचा पाठवून दोन्हींना एकच नाव मागितले आहे, आणि ते मी दिले असते तर निदान एका माशीच्या बाबतीत ते नक्कीच चुकले असते.

प्रथम कुल. डोळे दांडीवर असणे एवढ्यावरून कुल ठरवू नये. न्यू गिनीतल्या अकियस वंशाच्या माश्यांचे डोळे असेच बाजूला ताणलेले असतात, आणि हिमालयापासून चीन-तैवानपर्यंत आढळणाऱ्या पेलमाटॉप्स या फळमाशीच्या वंशातही हा प्रकार आहे. न्यू गिनीतल्याच फायटाल्मिया वंशाच्या नरांना तर हरणासारखी शिंगे असतात, पण ती गालातून निघालेली असतात आणि डोळे जागच्या जागी राहतात. तुम्ही पत्रात ‘शिंगाळी माशी’ हा शब्द वापरला आहे; तो ऐकायला गोड असला तरी या दुसऱ्या प्रकाराला अधिक शोभेल. मी स्वतः बोलताना ‘देठाळ डोळ्यांची माशी’ म्हणतो, कारण मराठीत हिला रूढ नाव असल्याचे मला कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालेले नाही आणि पानाच्या देठाची उपमा गावाकडच्या माणसाला लगेच कळते.

खरी खूण शृंगिकांची, म्हणजे कीटकाच्या डोक्यावरच्या मिशांची आहे. बाकीच्या कुलांतल्या दांडीडोळ्या माश्यांमध्ये डोळे कितीही लांब गेले तरी शृंगिका कपाळावर मध्येच राहतात. डायोप्सिडी कुलातल्या दांडीवाल्या माश्यांमध्ये मात्र शृंगिकाही डोळ्याबरोबर दांडीच्या टोकाकडे सरकलेल्या असतात, आणि दांड्या नर-मादी दोघांनाही असतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत माशी समोरून आली आहे. तो मोठा करून पाहा. उजव्या डोळ्याच्या किंचित आतल्या बाजूला, दांडीच्या पुढच्या अंगाला, पिवळसर रंगाचा एक बारीक गोळा आणि त्यातून निघालेला केसासारखा तंतू दिसतो. हीच शृंगिका. कपाळाच्या मध्यावर काहीच नाही. या एका फोटोवरून कुल निश्चित झाले, आणि बाकीच्या सहा फोटोंपेक्षा मला या एका फोटोचा उपयोग अधिक झाला.

ती माशीच आहे का, ही शंका तुमच्या एका मित्राने काढली होती असे तुम्ही लिहिले आहे. तिचे निरसन एका ओळीत होते: पंखांची जोडी एकच, आणि मागच्या पंखांच्या जागी दांडीला बारीक गोळी लावल्यासारखे दोन संतोलक आहेत. ते चौथ्या फोटोत एका बाजूला स्पष्ट दिसतात.

आता फोटोतल्या माशीचा वंश. महाराष्ट्रात या कुलाचा विचार करताना तीन वंश डोळ्यांसमोर ठेवावेत: डायोप्सिस, टेलिओप्सिस आणि स्फायरॅसेफाला. लिनियसने १७७५ साली या माश्यांना डायोप्सिस हे नाव दिले, तेव्हा हे सगळेच त्या एका नावाखाली आले असते. वंश पुढे वेगळे होत गेले. आपल्याकडची डायोप्सिस उघड्यावरची, गवताळ आणि पाणथळ जागांची, भातखाचरांच्या आसपासही दिसणारी माशी आहे, आणि तिच्या पंखाच्या अगदी टोकाला एकच गडद ठिपका असतो. तुमच्या पहिल्या फोटोत कारवीच्या पानावर बसलेल्या माशीच्या पंखांवर तसा एकटा ठिपका नाही. तिथे तपकिरी पट्टे आडवे पसरलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ जागा आहेत. दांड्या लांब आहेत, म्हणजे आखूड जाड दांड्यांची स्फायरॅसेफालाही बाद झाली. राहिली टेलिओप्सिस.

येथे एक गोष्ट कबूल करतो, कारण तिच्यामुळेच मी पंखावरच्या ठिपक्याबाबत इतका काटेकोर झालो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आणलेल्या फोटोवरून मी डायोप्सिस असे ठामपणे सांगितले होते. पंखाच्या टोकाला ठिपका स्वच्छ दिसत होता. दोन महिन्यांनी त्याच ठिकाणचा नमुना हातात आला तेव्हा पंखाचे टोक कोरे होते, आणि फोटोतला तो ठिपका म्हणजे वरच्या पानाच्या काठाची सावली होती. तेव्हापासून एका फोटोवर मी वंशही सांगत नाही. वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या उजेडात काढलेल्या निदान दोन फोटोंत जी खूण टिकून राहते तीच धरतो. तुमच्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या फोटोत पंखांवरचे पट्टे त्याच जागी आहेत, म्हणून ते पंखावरचेच आहेत असे मी मानतो.

टेलिओप्सिसच्या जवळचा सायर्टोडायोप्सिस हा आणखी एक वंश काही तज्ज्ञ वेगळा ठेवतात, तर काही तो टेलिओप्सिसमध्येच विलीन करतात. हा वाद आपण येथे सोडवणार नाही, पण दोघांना वेगळे करणारी खूण तुमच्या फोटोत योगायोगाने आली आहे, म्हणून सांगतो. या माश्यांच्या वक्षावर काटे असतात. वक्षाच्या मागच्या टोकाला असलेल्या ढालीसारख्या लहान भागातून दोन लांब काटे मागे निघतात, आणि ते कोणालाही दिसतात. टेलिओप्सिसमध्ये याखेरीज पंखाच्या मुळाच्या वर, वक्षाच्या कडेलाही एकेक काटा असतो. सायर्टोडायोप्सिसमध्ये तो नसतो. चौथ्या फोटोत माशी पूर्ण बाजूने आहे, आणि पंख जिथे वक्षाला मिळतो तिथे वरच्या बाजूस एक छोटा काटा उजेडात चमकताना दिसतो. फोन आपल्या मनाने कडा धारदार करतो आणि नसलेले काटे उभे करू शकतो, याची मला जाणीव आहे. पण या काट्याची सावलीही खाली वक्षावर पडलेली आहे, आणि सावली खोटी उभी करण्याइतका फोन अजून हुशार झालेला नसावा.

म्हणून फोटोतली माशी टेलिओप्सिस, याबद्दल मला शंका नाही. जातीबद्दल मात्र मी एक पायरी खाली उतरून बोलेन: ती बहुधा टेलिओप्सिस सायक्सिआय असावी. ‘बहुधा’ हा शब्द मी सवयीने वापरत नाही, त्याला कारणे आहेत.

एक कारण ठिकाणाचे. या जातीला ज्याचे नाव आहे तो कर्नल विल्यम हेन्री सायक्स पक्षिनिरीक्षकांना सायक्स लार्क या चंडोलामुळे ठाऊक असतो. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीच्या कामावर नेमले, आणि १८३१ पर्यंत त्याने या मुलुखात फिरून लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या जोडीने पक्षी, मासे, कीटक असे जे सापडेल ते टिपून ठेवले. लंडनमध्ये जॉन ओबाडाया वेस्टवुड या कीटकतज्ज्ञाने १८३० च्या दशकात देठाळ डोळ्यांच्या माश्यांवर काम केले, तेव्हा त्याला सायक्सच्या या माशीची आणि तिच्या ठावठिकाण्याची माहिती मिळाली. सायक्सने जागा नेमकी सांगितली आहे: हरिश्चंद्रगडाला वेढणाऱ्या उंच रानाच्या पट्ट्यातल्या घळी आणि दऱ्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९०० फुटांवर, जिथे झाडीतून ऊन कवडशांनी आत येते, आणि या माश्या त्या कवडशांत तरंगताना किंवा उजळलेल्या पानांवर विसावलेल्या दिसतात असेही त्याने म्हटले आहे. तुमच्या पत्रातले वाक्य असे आहे: ‘घळीत सगळीकडे अंधार होता, फक्त एका ठिकाणी ऊन पडले होते आणि माशी नेमकी तिथल्या पानावर होती.’ तुम्ही सायक्सचे नाव ऐकले नव्हते हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. सुमारे दोनशे वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी एकाच गडाच्या घळीत एकच गोष्ट पाहावी, हे मला वाचताना फार भावले. पण भावणे हा पुरावा होत नाही, आणि ठिकाण जुळले म्हणून जात जुळली असेही होत नाही; त्याच घळीत त्याच वंशाची दुसरी जात असू शकते.

पुरावा म्हणून जे लागते ते तुमच्या फोटोंत नाही आणि कोणत्याही फोटोत सहसा नसते. या कुलात जाती वेगळ्या करताना पुढच्या पायाच्या फुगीर मांडीच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक काट्यांच्या रांगा मोजतात, पंखावर अतिसूक्ष्म केस कोठे आहेत आणि कोणत्या जागा केसविरहित आहेत हे पाहतात, आणि शेवटी नराच्या पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून त्यातले जननांगाचे चिमट्यासारखे भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या खुणा मिलिमीटरच्या शतांशांतल्या आहेत. पाच हात अंतरावरून काढलेल्या फोटोत त्या शोधणे म्हणजे विमानातून घराची पाटी वाचण्यासारखे आहे.

दांडीची लांबी ही मात्र फोटोत मोजता येते असे सर्वांना वाटते, आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. तुम्ही पहिल्या फोटोवरून ‘डोळ्यांमधले अंतर शरीरापेक्षा कमी’ आणि तिसऱ्यावरून ‘शरीरापेक्षा जास्त’ असे लिहून, या दोन वेगळ्या जाती तर नाहीत ना, असे विचारले आहे. पहिल्या फोटोत माशीचे डोके वळलेले आहे. डोके ३० अंशांनी वळले तर डोळ्यांमधले अंतर खऱ्याच्या सुमारे ८७ टक्केच दिसते, आणि ४५ अंशांनी वळले तर सुमारे ७१ टक्के. म्हणजे एकाच माशीचे दोन फोटो दोन जातींचे वाटू शकतात. अंतर मोजायचे तर दोन्ही डोळे एकाच वेळी तितकेच स्पष्ट आलेले आहेत असा फोटो घ्यावा. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा अस्पष्ट असेल तर तो मोजमापासाठी सोडून द्यावा. शिवाय टेलिओप्सिसच्या अनेक जातींत नराच्या दांड्या मादीपेक्षा बऱ्याच लांब असतात, आणि नरांमध्येही चांगले पोषण झालेल्या अळीतून निघालेल्या मोठ्या नराच्या दांड्या अधिक लांब असतात. त्यामुळे एकाच जागच्या माश्यांत लांबीचा फरक दिसणे अपेक्षितच आहे.

सातवा फोटो तुम्ही ‘आजारी किंवा जखमी माशी’ म्हणून पाठवला आहे, कारण तिच्या दांड्या मऊ, वाकड्या आणि आखूड दिसतात. ती आजारी नाही, ती नुकतीच कोषातून बाहेर आली आहे. बाहेर पडताना या माशीचे डोळे डोक्याला चिकटलेलेच असतात आणि दांड्या मिटलेल्या, सुरकुतलेल्या असतात. मग ती हवा गिळून अंतर्गत दाबाने त्या फुगवते, आणि काही मिनिटांतच त्या सरळ ताणल्या जाऊन कडक होतात. तो थोडासा वेळ तुमच्या कॅमेऱ्यात सापडला हे नशीबच म्हणायचे, पण अशा माशीवरून कधीही ओळख पटवू नये. रंग फिके असतात, पंखांवरचे पट्टे उमटलेले नसतात, आणि दांड्यांच्या लांबीला काहीच अर्थ नसतो. फोटोखाली तुम्ही वेळ लिहिली असती तर तो आणखी मोलाचा झाला असता.

पाचव्या फोटोतल्या दोन माश्या एकमेकींसमोर कपाळाला कपाळ लावून उभ्या आहेत; ते बहुधा दोन नर असावेत. दांड्या समोरासमोर लावून ते कोणाचे अंतर मोठे हे जणू पाहून घेतात, आणि लहान दांडीचा नर बऱ्याचदा माघार घेतो. सहाव्या फोटोत, तिन्हीसांजेला, खडकाच्या कपारीतून लोंबणाऱ्या बारीक मुळ्यांना माश्या ओळीने चिकटलेल्या आहेत. मलेशियातल्या टेलिओप्सिस डालमानीबाबत हे वर्तन उत्तम अभ्यासले गेले आहे: संध्याकाळी ओढ्याकाठच्या लोंबत्या मुळ्यांवर एक मोठा नर आणि अनेक माद्या रात्रीसाठी जमतात, आणि माद्या लांब दांड्यांचा नर पसंत करतात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातील जेराल्ड विल्किन्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माश्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळून यावर बरेच काम केले आहे. आपल्या सह्याद्रीतल्या जातीचे रात्रीचे वर्तन कोणी सलग बसून पाहावे अशी माझी फार इच्छा आहे. तुमचा सहावा फोटो त्याची सुरुवात ठरू शकेल.

तुमच्या अ‍ॅपने डालमानी हे नाव का दिले असावे, याचा उलगडाही यातून होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जातीचे फोटो आणि उल्लेख साहजिकच जास्त असतात, आणि फोटोंच्या ढिगावरून शिकलेले यंत्र त्या ढिगातलेच जवळचे चित्र काढून देते. सह्याद्रीतल्या जातीचे खात्रीने ओळखलेले फोटो त्याने पाहिलेच नसतील तर ते नाव त्याला सुचणार कसे? अ‍ॅपच्या उत्तराचा उपयोग कुल शोधण्यापुरता करावा. त्यापुढे ते दक्षिण-पूर्व आशियातली जात अकोले तालुक्यात आणून बसवू लागले की थांबावे.

आता कुपी. ती उघडली तेव्हा आत हात स्वच्छ करायचे सॅनिटायझर होते, जेलसारखे घट्ट, आणि निळे झालेले. निळे कशाने, हे चिठ्ठी बाहेर काढल्यावर कळले: बॉलपेनची शाई विरघळली होती आणि कागदावर ‘राजूर’मधला ‘रा’ तेवढा वाचता येत होता. दोन्ही माश्या त्या जेलमध्ये अडकलेल्या होत्या. पाण्यात थोडा वेळ ठेवून, चार केसांच्या कुंचल्याने जेल हळूहळू सोडवताना एकीचे डोके निसटले. हा दोष तुमचा नाही. या माश्यांची मान मुळात बारीक, आणि दोन दांड्या आजूबाजूला अडकल्या की ओढ तिच्यावरच येते. दुसरी मात्र अखंड निघाली आणि सगळे निदान तिच्यावरून केले आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीने मोजले तेव्हा तिच्या शरीराची लांबी साधारण ४.५ मिलिमीटर भरली, आणि डोळ्यांमधले अंतर त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त. दांड्या आखूड आणि जाड, समोरून पाहता डोके हातोडीसारखे. याच आकारावरून स्फायरॅसेफाला हे नाव आले आहे. पुढच्या पायांच्या मांड्या चांगल्याच फुगीर आणि खालून काटेरी. शृंगिका पुन्हा दांडीच्या टोकाजवळ, म्हणजे कुल तेच. हिच्यात नर-मादीच्या दांड्यांत डोळ्यांत भरण्याजोगा फरक नसतो, त्यामुळे ही टेलिओप्सिसची आखूड दांडीची मादी तर नसेल, ही शंका आपोआप येते. तिचे उत्तर दांडीच्या लांबीत न शोधता जाडीत आणि डोक्याच्या ठेवणीत शोधावे. टेलिओप्सिसच्या मादीची दांडी लहान असली तरी सडपातळ असते. ओढ्यातल्या ओल्या दगडांवर दाट घोळक्याने बसणे हेही स्फायरॅसेफालाचे ओळखीचे लक्षण आहे. भारतातून फार पूर्वीपासून नोंदलेली जात स्फायरॅसेफाला हर्सिआना ही आहे आणि तुमची माशी तीच असण्याचा संभव मोठा आहे. परंतु सॅनिटायझरमध्ये रंग उडाल्यामुळे पंखांवरच्या खुणा इतक्या पुसट झाल्या आहेत की मी लेबलवर वंशाचेच नाव लिहिले आहे.

पुढच्या वेळी नमुना घ्याल तेव्हा ७० टक्के अल्कोहोल वापरा, आणि पुढेमागे डीएनए तपासायचा विचार असेल तर एक नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवा. चिठ्ठी कुपीच्या आत, जाडसर कागदावर, शिसपेन्सिलीने लिहिलेली असावी: ठिकाण, तालुका, तारीख, कोणी पकडली, आणि ‘ओढ्यातल्या ओल्या दगडावर’ अशी जागा. अल्कोहोलमधली माशी बाहेर काढून तशीच उन्हात वाळवू नये, डोळे आणि पोट आत बसते. कोरडी ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये मारून, लगेच कार्डाच्या त्रिकोणी टोकावर बाजूने चिकटवावी. डीएनएबद्दल लोकांच्या मनात हल्ली फार मोठ्या अपेक्षा असतात, म्हणून इतकेच सांगतो की, प्राण्यांसाठी नेहमी वापरला जाणारा डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून झाला तरी तो ज्याच्याशी ताडून पाहायचा तो खात्रीच्या नमुन्याचा तुकडा संग्रहात असावा लागतो. नसेल तर हाती फक्त अक्षरे राहतात.

फोटोतली माशी गडावर पकडली नाहीत हे फार चांगले केलेत. तो सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून माशीसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. टेलिओप्सिसच्या जातीचा निकाल लावायचा असेल तर परवानगी असलेल्या संशोधकासोबत जाणे हाच मार्ग आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तुमचे फोटो, तारखा आणि घळीचे नेमके स्थान घेऊन तिथे संपर्क साधावा असे मी सुचवीन. तुमच्या कोणी मित्राने नमुना परदेशातल्या तज्ज्ञाला टपालाने पाठवण्याचा सल्ला दिला असेल तर तो ऐकू नका. जैवविविधता कायदा, २००२ त्यात आड येतो, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहिल्याशिवाय असे पाकीट पोस्टात पडता कामा नये.

विज्ञानाला नवी आहे का, या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे, निदान आज हातात असलेल्या पुराव्यावरून. तुम्हाला याने थोडी निराशा होईल. पण सायक्सच्या माशीची त्याच गडावरची, फोटोसह, तारखेसह, उंचीसह केलेली आजची नोंद माझ्या दृष्टीने एखाद्या घाईने जाहीर केलेल्या ‘नव्या जाती’पेक्षा अधिक उपयोगी आहे.

भाताची काळजी करू नका. आफ्रिकेत डायोप्सिस वंशाच्या काही जातींच्या अळ्या भाताचे खोड पोखरतात आणि तिथे त्यांना कीड म्हणूनच ओळखतात. शोध घेताना तुम्ही तेच वाचले असणार. या कुलातल्या बहुतेक माश्यांच्या अळ्या मात्र कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर वाढतात, आणि तुमच्या ओढ्यातली स्फायरॅसेफालाही त्यातलीच. तुम्ही लिहिलेली सुकलेली मधली पाने, म्हणजे गाभा मर, आपल्याकडे बहुधा पिवळ्या खोडकिड्यामुळे होते, आणि तो पतंग आहे, माशी नव्हे. सुकलेला पोंगा ओढून पाहा. तो सहज उपटून आला आणि खाली खोडात पिवळसर-पांढरी अळी निघाली तर ती कृषी सहायकांना दाखवा. ओढ्यावर औषध फवारू नका, तिथल्या माश्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

अखंड माशी कार्डावर चिकटवून सुईला लावली आहे, आणि दुसरीचे सुटलेले डोके तिच्या धडाशेजारी, त्याच कार्डावर ठेवले आहे. दोन्ही नमुने डबीतून परत पाठवतो. लेबलवर ‘राजूरजवळ, ओढ्यातील दगडावर, सप्टेंबर’ इतके लिहून तारखेची जागा मोकळी सोडली आहे. तुमच्या वहीत ती असेल तर शिसपेन्सिलीने तेवढी भरा, आणि मलाही कळवा, म्हणजे माझ्या नोंदीत भरता येईल.